ओपन-बॅक हेडफोन घरीच सुधारायचाय? सुरुवात पॅडपासून करा

ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची, उघडी असलेला हेडफोन घेतल्यावर थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. भजनातले टाळ कानाला टोचतात. डग्ग्याचा घुमारा अर्धवटच ऐकू येतो. आणि एप्रिल लागला की रेक्झिनचे पॅड अर्धा तासही कानावर ठेववत नाहीत. या तिन्हींवर घरच्या घरी इलाज करता येतो आणि त्यासाठी मुंबईहून काही मागवावं लागत नाही. मेडिकल, गादीवाला, हार्डवेअर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि ठिबकचं सामान विकणारा, एवढ्या पाच ठिकाणी जवळपास सगळं मिळतं.

हे मी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या, पहिल्यांदाच हेडफोन उघडणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय. या विषयावर नेटवर जे सल्ले मिळतात ते बहुतेक थंड आणि शांत खोलीत बसणाऱ्या माणसाला धरून दिलेले असतात. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, चार महिने कूलर घरघरत असतो, आणि दार-खिडक्या उघड्या ठेवल्या की टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. हेडफोनमध्ये काय बदलायचं आणि कशाने बदलायचं, या दोन्हींवर याचा फरक पडतो.

आधी एक अट. हेडफोन उघडला की वॉरंटी बहुधा जाते, त्यामुळे वॉरंटीतल्या महागड्या हेडफोनवर हात बसवू नका. वापरून जुना झालेला किंवा सेकंडहँड मिळालेला, साध्या डायनॅमिक ड्रायव्हरचा, म्हणजे कपात नेहमीसारखा छोटा गोल स्पीकर असलेला, हेडफोन शिकायला उत्तम. हायफायमॅनसारख्या प्लॅनर हेडफोनात कागदाहून पातळ पडदा चुंबकांच्या रांगांपुढे ताणून बसवलेला असतो. त्यात पॅड बदलण्यापलीकडे नवख्याने जाऊ नये.

आत काय घडतं

ड्रायव्हरचा पडदा पुढे सरकला की कानाकडची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून निघणारा आणि मागून निघणारा आवाज एकमेकांच्या बरोबर उलट असतात. बंद कपाच्या हेडफोनमध्ये मागचा आवाज कोंडून ठेवलेला असतो. ओपन-बॅकमध्ये तो जाळीतून बाहेर जातो, म्हणून गाणं मोकळं वाटतं. पण जिथे कुठे पुढच्या आणि मागच्या हवेला एकमेकींपर्यंत वाट मिळते, तिथे खालचे सूर एकमेकांना खोडून टाकतात. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० वेळा थरथरणाऱ्या, सुराची लहर जवळपास ७ मीटर लांब असते. पॅडखालच्या बारीक फटीतूनही ती सहज वळसा घालते. ८ किलोहर्ट्झची लहर मात्र सव्वाचार सेंटिमीटरचीच. ती पॅडच्या आतल्या भिंतीवर आणि ड्रायव्हरभोवतीच्या प्लॅस्टिकवर आपटून परत येते, आणि त्यामुळे काही सूर फुगतात, काही दबतात.

म्हणून बास कमी वाटत असेल तर फटी शोधायच्या. आवाज टोचत असेल तर कान आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत काय आहे ते बघायचं. घरी करण्यासारखे जवळपास सगळे बदल या दोन कामांत येतात.

ऐकायचं कधी आणि कसं

ओपन-बॅक हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. कूलरचा पंखा आणि पंप यांची घरघर नेमकी खालच्या सुरांवर बसते. कूलर चालू असताना ऐकलं तर कुठल्याही हेडफोनला बास कमीच वाटतो. मग माणूस फटी बुजवत जातो, ईक्यूवर (सूर कमी-जास्त करायच्या ॲपमधल्या पट्ट्यांवर) बास चढवत जातो, आणि पावसाळा संपून कूलर झाकून ठेवला की तोच हेडफोन बोजड वाटायला लागतो. त्यामुळे काम दुपारी करा, पण निकाल पहाटे लावा. दुसरी चांगली वेळ म्हणजे लाइट गेल्यावरची. फोन बॅटरीवर चालतो, आणि घरातलं फ्रिज, पंखा, कूलर सगळं एकदम गप्प होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची युक्ती. आवाजाची आठवण फार थोडा वेळ टिकते. सकाळी ऐकलेला आवाज आणि दुपारी बदल केल्यावर ऐकलेला आवाज यांची तुलना करायला गेलात तर मनच मनाला फसवतं, कारण कष्ट केलेले असतात आणि काहीतरी सुधारलेलं असावं असं वाटत असतं. त्यावर उपाय सोपा आहे. बदल आधी एकाच कपात करा, दुसरा कप जसाच्या तसा ठेवा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं, ते चालू करा. आता दोन्ही कानांना एकच गाणं जातंय आणि फरक पडतोय तो फक्त तुमच्या बदलामुळे. नंतर हेडफोन उलटा घालून उजवा कप डाव्या कानावर घ्या, कारण आपले दोन्ही कान काही सारखे नसतात. फरक कपाबरोबर सरकला तर तो हेडफोनचा. त्याच कानावर राहिला तर तो कानाचा.

आणखी एक फसवणूक होते ती मोठ्या आवाजाची. दोनपैकी जो किंचित मोठा, तो हमखास चांगला वाटतो. ड्रायव्हरसमोर कागदाचा थर लावला की आवाज जरासा कमी होतो आणि मग 'जीव गेला' असं वाटतं. निकाल द्यायच्या आधी त्या बाजूचा आवाज बॅलन्सच्या पट्टीने बरोबरीला आणा.

काय ऐकायचं? ज्या वाद्यांचा खरा आवाज तुम्ही समोर बसून ऐकलाय ती. टाळ आणि 'स', 'श' ही अक्षरं वरच्या टोचणाऱ्या सुरांची परीक्षा घेतात. तानपुऱ्याची जवारी बारीक तपशील टिकलाय का ते सांगते. पेटीवरून मधला पट्टा कळतो. बाससाठी तबल्याचा डग्गा चांगला, आणि सातपुड्यातल्या काठीच्या होळीतल्या मोठ्या ढोलांचं चांगलं ध्वनिमुद्रण हाती असेल तर फारच छान. ढोलावर थाप पडल्यावर आवाज पसरून संपतो कसा, तिकडे लक्ष द्या. नुसता धक्का मोठा झाला म्हणजे बास सुधारला असं होत नाही.

सामान

पांढरी कागदी मेडिकल टेप, म्हणजे सलाईनची सुई धरून ठेवायला लावतात ती. तिच्यातून हवा थोडीफार जाते आणि ती निघताना प्लॅस्टिकवर फारसा डिंक सोडत नाही. साधा पांढरा टिश्यू पेपर, बिनवासाचा. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं फेल्ट. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायाखाली चिकटवायला मिळतं तेच. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर, गादीवाल्याकडे मूठभर मागितला तरी देतो. ठिबकची बारीक नळी, पाच-सहा मिलिमीटर जाडीची. शेतकऱ्याच्या घरात तिचे तुकडे पडलेलेच असतात. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच आणि प्लॅस्टिकचा चिमटा मोबाइलच्या दुकानात मिळतो. जळगावकरांना गोलाणी मार्केट आहेच.

लोखंडी चिमटा वापरू नका. ड्रायव्हरमागे ताकदीचं चुंबक असतं. लोखंडी टोक जवळ नेलं की ते हातातून खेचलं जातं आणि थेट पडद्यावर आदळतं. एकदा पडद्याला भोक पडलं की तो ड्रायव्हर गेला. स्क्रूही टेबलावर मोकळे ठेवू नका, वाटीत ठेवा आणि ती वाटी लांब सरकवा.

उघडताना

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. कुठला फोम कुठल्या बाजूला होता, पॅडची जाड कड कुठे होती, हे नंतर आठवत नाही.

पॅड निघण्याच्या तऱ्हा तीन-चारच आहेत. सेनहायझर एचडी ६०० च्या घराण्यात ते खटक्यांवर बसवलेले असतात, कडेला धरून सरळ ओढले की सुटतात. बायरडायनॅमिक डीटी ९९० मध्ये पॅडची ओठासारखी कड कपाच्या किनारीवर ताणून चढवलेली असते. ती एका जागी सैल करून गोल फिरत जायचं. एकेजी के७०२ मध्ये पॅड फिरवून काढतात. स्वस्तातल्या काही हेडफोनांत तो चिकटवलेला असतो. तिथे जुनं एटीएम कार्ड कडेखाली सरकवत हळूहळू पुढे जा. घाई केली की फोम फाटतो. स्क्रू बहुतेक पॅडखाली लपलेले असतात.

कप उघडल्यावर केसाइतक्या बारीक दोन तारा ड्रायव्हरला जोडलेल्या दिसतील. कपाचे दोन भाग झटक्याने वेगळे केले की त्या तुटतात. एक इंच उघडा, डोकावून बघा, मग पुढे.

काहीही लावण्याआधी: केस आणि धूळ

बासवर खरखर येते म्हणून टाकून दिलेले कितीतरी हेडफोन धडधाकट असतात. डोक्यावरचा एखादा केस जाळीतून आत जातो आणि पडद्याला टेकून राहतो. पडदा हलला की तो केस थरथरतो आणि आवाज अगदी फाटक्या स्पीकरसारखा येतो.

तपासायची रीत अशी. फोनवर ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा, आवाज बेताचा ठेवा. एका कानात खरखर ऐकू आली तर त्या कपाचा पॅड काढा आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरका, जवळजवळ आडवा धरा. समोरून उजेड टाकला तर केस दिसत नाही. आडव्या उजेडात तो चांदीच्या तारेसारखा चमकतो. टूथपिकच्या टोकाला मेडिकल टेप उलटी, चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि केसाचं बाहेर आलेलं टोक तिला चिकटवून अलगद ओढा. पडद्याला टोक लागता कामा नये. फुंकर मारू नका, थुंकी उडते. व्हॅक्यूम क्लीनर तर जवळही आणू नका, पडदा बाहेर खेचला जातो.

पॅड

एकच बदल करायचा असेल तर पॅडचा करा. ड्रायव्हर कानापासून किती लांब, हवा किती निसटते, आतली भिंत आवाज शोषते की परतवते, हे सगळं पॅड ठरवतो. त्याच हेडफोनला नुसते दुसरे पॅड लावले तरी तो दुसराच हेडफोन वाटू शकतो. हेडफोनच्या वायरीवर हजारो रुपये घालणारा माणूस पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. त्याच्या दहाव्या हिश्शात नवे पॅड आले असते आणि फरक कानाला लगेच कळला असता.

पहिली तपासणी फुकटची आहे. बास असलेलं गाणं लावा आणि पॅडची कड बोटांनी चारही बाजूंनी गालाकडे हलकेच दाबा. जाळीवर हात ठेवू नका, त्याने आवाज भलताच बदलतो. दाबल्यावर बास एकदम भरून आला तर ड्रायव्हर ठीक आहे, हवा निसटतेय. सहसा ती कानाच्या खाली, जबडा आणि मान भेटतात त्या खळग्यातून निसटते, किंवा चष्म्याच्या दांडीजवळून. चष्मेवाल्यांनी पातळ दांडीचा चष्मा घालून एकदा ऐकावं.

खळग्यातली फट बुजवायला ठिबकची नळी कामी येते. पॅडच्या मागच्या अर्ध्या घेराएवढा, म्हणजे वरून कानामागून खालपर्यंत येईल एवढा तुकडा घ्या. दोन्ही टोकं ब्लेडने लांब तिरकी कापा, नाहीतर पॅडच्या कापडाला ती वरून टोचत राहतात. नळी गुंडाळीतून काढलेली असल्याने तिला आधीच बाक असतो, तो कपाच्या गोलाईशी जुळवा. मग पॅडखाली, कपाच्या किनारीला लागून ठेवा, दोन-तीन ठिकाणी मेडिकल टेपने धरा आणि पॅड पुन्हा चढवा. पॅड आता मागून उंच आणि पुढून सखल झाला. खळग्यात तो नीट टेकतो आणि ड्रायव्हर कानाकडे किंचित तिरका होऊन, समोरून वाजल्यासारखा, बघायला लागतो. बाजारातले तिरके पॅड हेच करतात. आवडलं तर ते घ्या, नाही आवडलं तर नळी काढली की झालं.

कापडाबद्दल माझं मत पक्कं आहे: खान्देशात वेलूर, म्हणजे मखमलीसारखं कापड. रेक्झिनचा पॅड हवा जास्त धरतो, त्यामुळे बास थोडा जास्त मिळतो, हे खरं. पण घाम आणि दमट हवेने त्याचा वरचा थर सुटत जातो आणि कानामागे काळे कपटे चिकटतात. वेलूरमधून हवा थोडी निसटते, मात्र मे महिन्यात तो घालून बसता येतं. घालवतच नाही त्या हेडफोनचा बास घेऊन काय करायचं? वेलूरचे पॅड काढून कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. आपल्या उन्हात टाकले तर फोम कडक होतो. दबून चपटे झालेले पॅड पुष्कळदा नुसते धुतल्यानेही फुगतात.

कॉस किंवा ग्राडोसारख्या कानावर टेकणाऱ्या फोमच्या पॅडला आणखी एक जुना उपाय आहे. फोमच्या मध्यभागी पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक कापायचं. ड्रायव्हरसमोरचा फोमचा पडदा गेला की वरचे सूर मोकळे होतात. कापलेला फोम परत जोडता येत नाही, म्हणून कापायचा तो जास्तीच्या जोडीचा.

टोचणारा आवाज

डीटी ९९० सारख्या हेडफोनात ८ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा असतो. स्वस्तातल्या अनेक सेमी-ओपन, म्हणजे मागून अर्धवटच उघड्या, हेडफोनांतही तो तिथेच कुठेतरी सापडतो. भजनाच्या टाळांचं टोचणं येतं ते इथून.

आधी टिश्यू पेपर. दुपदरी टिश्यूचे पदर वेगळे करा आणि एकच पदर घ्या. ड्रायव्हरच्या संरक्षक जाळीपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठा गोल कापा आणि पॅडच्या किनारीखाली दाबून सपाट बसवा. कागद पडद्याला चिकटता किंवा फडफडता कामा नये. एका बाजूला लावा, मोनो करा, टाळ ऐका. कमी पडलं तर दुसरा पदर. तिसऱ्या पदराची वेळ आली तर थांबा, अडचण दुसरीकडे आहे.

जास्त झालं हे कळतं तानपुऱ्यावरून. जवारी म्हणजे तारेतून निघणारी ती सततची झणझण. ती पातळ झाली, तानपुरा नुसता 'ऊंऽऽ' करायला लागला, की एक पदर काढा.

त्यानंतर फेल्टची कडी. ही ड्रायव्हरवर न ठेवता त्याच्याभोवतीच्या उघड्या प्लॅस्टिकवर लावायची, म्हणजे कानाकडून परतलेला आवाज पुन्हा उसळत नाही. आतलं वर्तुळ आखायला पीव्हीसी पाइपचा योग्य मापाचा तुकडा घ्या, बाहेरचं वर्तुळ पॅडच्या आतल्या मापाचं. प्लॅस्टिकला भोकं असतील तर ती फेल्टखाली झाकली जाऊ देऊ नका, नाहीतर बासही बदलेल आणि कशाने काय झालं ते कळणार नाही. दोन-तीन मिलिमीटरचं फेल्ट ७ मीटरच्या लहरीला काहीच करत नाही, त्याचा परिणाम वरच्या सुरांपुरताच राहतो.

हे काम हौशी लोकांपुरतं नाही. सेनहायझरचा एचडी ८०० हा २००९ मध्ये आलेला, त्यांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतला हेडफोन. त्यात ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक टोचणारा उंचवटा होता. ऐकणाऱ्यांनी घरीच ड्रायव्हरभोवती मऊ, आवाज शोषणारे तुकडे बसवून तो खाली आणला. पुढे कंपनीने एचडी ८०० एस काढला तेव्हा ड्रायव्हरपाशी शोषक रचना स्वतःच बसवली.

बास

पॅडची फट बुजवूनही कमी वाटत असेल तर ड्रायव्हर प्लॅस्टिकच्या ज्या पाटीत, म्हणजे बॅफलमध्ये, बसवलेला असतो ती बघा. ड्रायव्हर आणि बॅफल यांच्या सांध्यात फट राहिली असेल तर तिथे पुढची-मागची हवा मिसळते. पाटी उजेडाकडे धरली की फट दिसते. मेडिकल टेप हवा सोडते, म्हणून इथे साधी इन्सुलेशन टेप लावा.

बॅफलवर मुद्दाम ठेवलेली भोकंही असतात. ती झाकली की सहसा अगदी खालचा बास वाढतो. एकेक भोक झाकत जा, दोन्ही बाजूंना तीच भोकं झाका, आणि दरवेळी ऐका. सगळी एकदम बंद केली तर मधला आवाज बदलून गायकाचा गळा दाटल्यासारखा होऊ शकतो. ड्रायव्हरच्या स्वतःच्या पाठीवर, चुंबकाजवळ, पातळ कागदाने झाकलेली भोकं असतात. ती बंद केली की पडद्यामागची हवा ताठ होते आणि बास उलट कमी होतो. तिथे हात लावू नका.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. डायनॅमिक ओपन-बॅकचा बास ५०-६० हर्ट्झच्या खाली उतरत जातो, तो त्याच्या बांधणीतूनच येतो. डीजेच्या भिंतीपुढे उभं राहिल्यासारखा दणका हवा असेल तर बंद हेडफोनच घ्यावा.

मागची बाजू

काही हेडफोन जाळीमुळे उघडे दिसतात, पण आतून अर्धे झाकलेले असतात. सेनहायझरच्या एचडी ५५८ मध्ये मागचे झरोके झाकणारी एक चिकट पट्टी आतून लावलेली असते. महागड्या एचडी ५९८ मध्ये ती नाही. ही पट्टी सोलून काढणं हा हेडफोन सुधारण्यातला गाजलेला फुकटचा उपाय आहे. आवाज थोडा मोकळा होतो. तुमच्याही हेडफोनच्या जाळीमागे जाड फोम असेल तर काढून ऐका, पण तो जपून ठेवा.

फोम काढला की धुळीला वाट मिळते, आणि आपल्याकडची धूळ मऊ पिठासारखी बारीक असते. म्हणून त्या जागी जुन्या नायलॉनच्या पातळ मोज्याचा एक पदर जाळीच्या आतून ताणून लावा. त्यातून फुंकर आरपार गेली पाहिजे. वापर नसेल तेव्हा हेडफोन डब्यात किंवा स्वच्छ कापडी पिशवीत ठेवा, खुंटीवर नको.

सेमी-ओपन हेडफोनचा मधला आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल तर कपाच्या आत पॉलिस्टर फायबरचा पातळ थर ठेवा. तो विंचरून ढगासारखा मोकळा करा, कोंबू नका, ड्रायव्हरच्या पाठीवरच्या भोकांना लागू देऊ नका. दोन्ही कपांत वजन सारखं हवं. सराफ वापरतात तसा छोटा डिजिटल काटा मिळाला तर फारच सोपं, नाहीतर एक पुंजका घेऊन त्याचे नीट दोन भाग करा. घरात कापूस आहे म्हणून तो भरू नका. शेतातल्या कापसात बोंडाचा पाचोळा असतो, तो कुसकरून आत पडतो, आणि पिंजलेला स्वच्छ कापूसही पावसाळ्यात ओल धरून दबून गोळा होतो.

कप ठोकल्यावर पोकळ प्लॅस्टिक खणखणत असेल तर कारला लावतात त्या ब्युटाइल शीटचे नखाएवढे दोन-तीन तुकडे आतून चिकटवा. फरक थोडासाच पडतो आणि वजन वाढतं. वायर तुटली असेल तर बदला, आवाज सुधारेल म्हणून बदलू नका.

ईक्यू शेवटी

सगळे बदल दोन्ही कपांत सारखे झाले, मोनोवर गायकाचा आवाज बरोबर मध्यभागी येतोय याची खात्री झाली, की मग ईक्यू. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट चांगली आहेत. ऑटोईक्यू या नेटवरच्या संग्रहात मॉडेलनुसार मिळणाऱ्या तयार सेटिंग मात्र कंपनीतून निघालेल्या, न बदललेल्या हेडफोनच्या मोजमापावर बेतलेल्या असतात. तुम्ही पॅड बदलले, टिश्यू लावला, की त्या तुमच्या हेडफोनला तंतोतंत लागू पडत नाहीत. तीच सेटिंग लावली तर दाबलेला उंचवटा दुसऱ्यांदा दाबला जातो आणि आवाज मेल्यासारखा होतो. १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबलची चढण द्या, प्रीॲम्प, म्हणजे ॲपमधली एकूण आवाजाची पट्टी, तेवढाच खाली घ्या, बाकी कानाने ठरवा.

आवाजाची पातळीही याच वेळी ठरवून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मोठ्या माणसांसाठी मर्यादा आहे, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. कूलरवर मात करायला ओपन-बॅक हेडफोनचा आवाज चढवला की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. उन्हाळ्याच्या दुपारी ऐकायचंच असेल तर कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असलेल्या खोलीत, त्याच्यापासून लांबच्या कोपऱ्यात बसा, किंवा तेवढ्यापुरता बंद हेडफोन वापरा. 

पावसाळा सरला की पॅड पुन्हा एकदा काढा. मेडिकल टेपच्या कडा दमटपणाने सुटलेल्या असतात, टिश्यूला घामाचे डाग पडलेले असतात, नळी जागेवरून सरकलेली असते. टेप आणि टिश्यू नवे लावा, दोन्ही बाजूंचे एकाच दिवशी, आणि टॉर्च आडवा धरून केस बघून घ्या.